एका रेपोतला एकच फोल्डर मोजक्या माणसांनाच दिसावा, हे कसं जमवायचं?

दूधगंगा_काठ | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो. आज अडलोय म्हणून पहिल्यांदाच धागा काढतोय.

आमचं ऑफिस राजारामपुरीत, माणसं चौदा. दूध संकलन केंद्रावर चालणारं सॉफ्टवेअर करतो. सभासद किटली घेऊन येतो, काट्यावर वजन होतं, तपासणीचं मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) सांगतं, आमचं सॉफ्टवेअर दरपत्रकातून दर काढून पावती छापतं. मशीन अल्ट्रासोनिक आहे. त्यामुळे दूध गार आहे की कोमट, गाईचं की म्हशीचं, यावर आकड्यांची दुरुस्ती करावी लागते. त्या दुरुस्तीचा कोड आणि त्यातले गुणक मशीन बनवणाऱ्या कंपनीनं आम्हाला लेखी करार करून दिलेत.

आमचा सगळा कोड एकाच गिट रेपोत (कोड आणि त्यातल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवायचं कोठार) आहे, पाच वर्षांचा. फोल्डर चार: मोबाइल ॲप, दरपत्रक, मशीनचे ड्रायव्हर आणि कॅलिब्रेशन. रेपो सांभाळणारं गिटलॅब ऑफिसातल्याच सर्व्हरवर. आता ॲपचं काम इचलकरंजीच्या दोघा मुलांना बाहेरून द्यायचंय, आणि जूनपासून कॉलेजची तीन मुलं इंटर्नशिपला येणार आहेत.

गेल्या आठवड्यात मशीनच्या कंपनीचा माणूस आला होता. चहा घेताघेता त्यानं विचारलं, "आमचे गुणक असलेली फाइल आजवर कुणी कुणी वाचली?" मी लॉग काढून दाखवला, या तिघांनी बदल केलेत. तो म्हणाला, "बदल कुणी केले ते नाही विचारलं. वाचली कुणी?"

मला उत्तर देता आलं नाही. २०२२ साली पावतीच्या छपाईसाठी बाहेरच्या एका माणसाला पूर्ण रेपोचा ॲक्सेस दिला होता. काम संपल्यावर त्याचं खातं बंद केलं. पण त्याच्या लॅपटॉपवरच्या क्लोनचं, म्हणजे रेपोच्या पूर्ण प्रतीचं, काय? माणूस सरळ आहे, माझा त्याच्यावर काडीचा संशय नाही. तरी कंपनीला मी काय सांगू?

तर प्रश्न असा. कॅलिब्रेशनचा फोल्डर आमच्या तिघांनाच दिसावा आणि बाकीचं सगळ्यांना, असं एकाच रेपोत करता येतं का? कोडओनर्सची (कुठला भाग कुणाच्या ताब्यात ते लिहायची) फाइल टाकून बघितली, तिनं वाचायला कुणी अडत नाही.

रंकाळ्याचा_वारा | सोमवार, रात्री ११:०५

स्पार्स चेकआउट बघा, म्हणजे रेपोतले हवे तेवढेच फोल्डर कामाला घेणं. २०२० च्या जानेवारीत गिट २.२५ आलं, तेव्हापासून त्याची वेगळी कमांडच आहे. त्या मुलांना फक्त ॲपचा फोल्डर घ्यायला सांगायचं. आमच्याकडे रेपो खूप मोठा झाला तेव्हा हेच केलं.

जुना_उद्यमनगरकर | मंगळवार, सकाळी ७:२०

वाऱ्या, तुझा सल्ला डिस्कवरची जागा वाचवायला चांगला आहे. लपवायला त्याचा उपयोग नाही. स्पार्स चेकआउटमध्ये सगळे ऑब्जेक्ट (गिटनं साठवलेला मजकूर) त्या मुलाच्या मशीनवर येतातच, कामाच्या फोल्डरात मांडले जात नाहीत इतकंच. एक कमांड दिली की कॅलिब्रेशन समोर हजर. पार्शल क्लोन (अर्धवट प्रत) केला तर मजकूर सुरुवातीला येत नाही हे खरं, पण मागितला की सर्व्हर देतो. सर्व्हर एवढंच तपासतो की या माणसाला हा रेपो वाचायची परवानगी आहे का. कुठला फोल्डर, हे तो बघत नाही.

दूधगंगाकर, तुम्हाला गिटमध्ये हे जमणार नाही, आणि का जमणार नाही ते एकदा नीट समजून घ्या. म्हणजे उद्या कुणी प्लगइन विकायला आला तर फसणार नाही. गिटमध्ये फाइलचा मजकूर म्हणजे एक ब्लॉब, आणि त्याचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) हीच त्याची ओळख. फोल्डर म्हणजे ट्री. त्यात आतल्या प्रत्येक गोष्टीचं नाव आणि हॅश, आणि त्या यादीचा पुन्हा हॅश. कमिट म्हणजे एका वेळच्या पूर्ण कोडची नोंद, त्यात सगळ्यांत वरच्या ट्रीचा हॅश आणि मागच्या कमिटचा हॅश. कॅलिब्रेशनमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी वरपर्यंत सगळे हॅश बदलतात. तुम्हाला हवाय एकच कमिट, पण दोघांना दोन वेगळी रूपं दाखवणारा. तो फोल्डर गाळून दिला तर ट्रीचा हॅश जुळत नाही, म्हणजे तो कमिट तोच राहत नाही. हा दोष नाही, गिटची बांधणीच तशी आहे. २००५ साली लिनस टोरवाल्ड्सनं ते लिनक्स कर्नलसाठी लिहिलं. तिथे लपवायचं काहीच नव्हतं. प्रत्येकाकडे पूर्ण प्रत असावी हाच हेतू होता.

गिटच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्ये, नेमस्पेसच्या पानावर, हे सरळ सांगितलंय: ज्याला जे द्यायचं नाही ते त्यानं चोरू नये अशा बेतानं फेच (ओढणं) आणि पुश (पाठवणं) यांची रचना केलेली नाही, खासगी गोष्ट जपायची असेल तर ती दुसऱ्या रेपोत ठेवा. बनवणाऱ्यांनीच हे लिहून ठेवल्यावर आपण एकाच रेपोत भिंती घालत बसू नये.

कोडओनर्सनं मर्जला (बदल मुख्य कोडात मिसळायला) मंजुरी कुणाची लागेल एवढंच ठरतं. गिटोलाइट या गिटच्या परवानग्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही पाथनुसार (फाइल-फोल्डरच्या पत्त्यानुसार) पुश अडवता येतो, वाचणं मात्र पूर्ण रेपोचं. याचं कारण साधं आहे. लिहिलेलं पुन्हा सर्व्हरच्या दारातूनच आत यावं लागतं, तिथे अडवता येतं, आणि चुकून आत आलंच तर मागे फिरवता येतं. वाचलेलं एकदा बाहेर गेलं की गेलं. लिहिणाऱ्याचं नाव कमिटमध्ये कायमचं राहतं, वाचणाऱ्याचं कुठेच राहत नाही. तुमच्या त्या पाहुण्यानं नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय.

शाहूपुरी_चौथी_गल्ली | मंगळवार, सकाळी ९:४८

आम्ही अजून सबव्हर्जनवर (गिटच्या आधीची, त्याच कामाची प्रणाली) आहोत, आणि या एका कारणासाठी तरी मला त्याचा अभिमान आहे. मी साखर कारखान्याच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. ऊस काटा, नोंदी, तोडणी-वाहतुकीची बिलं असं सगळं. काट्याचा भाग आमच्यात फक्त दोघांना दिसतो.

सबव्हर्जनमध्ये पाथनुसार वाचायची परवानगी देता येते. एक साधी टेक्स्ट फाइल असते. वर गट लिहायचे, खाली चौकटी कंसात पाथ, त्याखाली कुणाला वाचायचं, कुणाला लिहायचं. सगळ्यांसाठी तारका टाकून बरोबरच्या चिन्हापुढे रिकामं सोडलं की बाकीच्यांना दार बंद. ज्याला परवानगी नाही त्यानं पूर्ण ट्रंक (मुख्य कोड) चेकआउट केलं तरी तो फोल्डर येतच नाही, आणि लॉगमध्येही त्यातले पाथ दिसत नाहीत. हे जमतं कारण पूर्ण इतिहास सर्व्हरवरच असतो, माणसाकडे फक्त कामाची प्रत येते.

पण दोन ठिकाणी जपा. एक, साधा एसव्हीएनसर्व्ह (सबव्हर्जनचाच सर्व्हर) चालवत असाल तर अनोळखी माणसाला वाचायची मुभा मुळातच दिलेली असते. ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी लागते. नवीन सर्व्हर उभा केला की मी पहिल्यांदा तेच बघतो.

दुसरं आमच्याकडे खरंच घडलं. परवानगी पाथला असते, मजकुराला नसते. आम्ही नियम लिहिला होता ट्रंकमधल्या काटा फोल्डरसाठी. गळीत हंगामाच्या तोंडावर मी ट्रंकवरून ब्रँच काढली. सबव्हर्जनमध्ये ब्रँच म्हणजे दुसऱ्या पाथवर केलेली कॉपी. त्या नव्या पाथला नियमच नव्हता! काट्याचा पूर्ण कोड अकरा दिवस ऑफिसातल्या सगळ्यांसाठी उघडा होता. कुणाच्या लक्षात आलं नाही, हे आमचं नशीब. २०१८ च्या १.१० आवृत्तीपासून नियमात वाइल्डकार्ड चालतं, त्यामुळे 'कुठल्याही ब्रँचमधला काटा' असं एका ओळीत लिहिता येतं. तेव्हापासून ब्रँच काढली की मी परवानगी नसलेल्या एका खात्यानं लॉगिन करून स्वतः उघडून बघतो. नियमाची फाइल वाचून खात्री होत नाही.

गडहिंग्लज_ते_पुणे | मंगळवार, दुपारी १:१५

परफोर्समध्येही (तशीच आणखी एक प्रणाली) आहे हे. प्रोटेक्शन टेबलमध्ये ओळी लिहायच्या, खालची ओळ वरचीला मात देते. नुसती यादी बघायची परवानगी वेगळी आणि मजकूर वाचायची वेगळी. पण चौदा माणसांच्या कंपनीनं एवढ्यासाठी तिकडे जावं असं मला वाटत नाही.

दूधगंगा_काठ | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. सबव्हर्जनचं आमच्या मुलांना विचारलं. ब्रँच आणि मर्जचं सगळं काम त्यांच्या हातात गिटचं बसलंय, मागे जायला कुणी राजी नाही. त्यांचं खरंही आहे.

एका मित्रानं गिट-क्रिप्ट सुचवलंय. फोल्डर रेपोतच राहील, पण फाइली कुलूपबंद. किल्ली आमच्या तिघांकडे. हे बरं पडेल का?

जुना_उद्यमनगरकर | मंगळवार, रात्री ८:०२

पासवर्डची एखादी छोटी फाइल असेल तर ठीक. रोज बदलणाऱ्या कोडसाठी नको. फाइलींची नावं आणि कमिटचे मेसेज उघडेच राहतात. आणि एकदा किल्ली दिलेल्या माणसाकडून ती काढून घ्यायची सोय त्यात नाही, जुना इतिहास तो कायम उघडू शकतो. तुमच्या बाबतीत मुख्य अडचण वेगळीच आहे: पाच वर्षांच्या इतिहासात त्या फाइली उघड्या पडल्या आहेत. आज कुलूप लावलं तरी कालचा कमिट वाचता येतोच.

शिरोलीची_भट्टी | मंगळवार, रात्री ९:५०

मी सॉफ्टवेअरमधला नाही. मुलगा आहे, त्यानं हा धागा दाखवला. पण तुम्ही जे बोलताय ते आमच्या फौंड्रीत रोज चालतं, म्हणून लिहितो.

पार्टी (गिऱ्हाईक) आपल्याला पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) देते. लाकडाचा असो की ॲल्युमिनियमचा, तो पार्टीचा. आमच्याकडे त्याच्यासाठी वेगळी खोली आहे, रजिस्टर आहे. कुणी नेला, कधी नेला, मोल्डिंगला लावून परत कधी ठेवला, सही. बाहेरून आलेल्या माणसाला आम्ही कास्टिंग दाखवतो, हातात देतो, मशिनिंगला पाठवतो. पॅटर्न दाखवत नाही. आता कुणी म्हणेल, कास्टिंगवरून पॅटर्न करता येतो की. येतो. पण लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. खऱ्या पॅटर्नमध्ये तेवढं माप मुद्दाम वाढवलेलं असतं. कास्टिंगचाच पॅटर्न केला तर पुढचं कास्टिंग तेवढं लहान येतं, मशिनिंगला माल कमी पडतो. करणारा करतोच, पण त्याला परत सगळी मापं काढावी लागतात.

तुमचा कोड म्हणजे पॅटर्न. त्याच्यातून जे तयार होऊन बाहेर पडतं ते कास्टिंग. त्या इचलकरंजीच्या पोरांना कास्टिंग द्या की.

जुना_उद्यमनगरकर | मंगळवार, रात्री १०:१०

भट्टीवाले काका, आम्ही दिवसभर जे समजावत होतो ते तुम्ही चार ओळींत सांगितलंत. हेच करायचंय. रात्री सविस्तर लिहितो.

सातवी_गल्ली | मंगळवार, रात्री १०:५५

मी अशाच एका कंपनीत दीड वर्षांपूर्वी लागले, पहिलीच नोकरी. सगळे लपवायचं कसं ते सांगताय. ज्याला दिसत नाही त्याचं काय होतं, ते मला सांगू द्या.

आमच्याकडेही एक भाग सिनियर लोकांनाच दिसतो. एका पहाटे संस्थेच्या सचिवांचा फोन आला. सहाचं संकलन चालू झालेलं, बाहेर रांग, आणि प्रत्येक पावतीवर फॅट ०.०. सपोर्टला त्या दिवशी मीच होते. लॉगमध्ये एरर दिसत होती, पण ती ज्या फाइलमध्ये होती तीच मला वाचता येत नव्हती. ज्यांना वाचता येते ते तिघंही फोन उचलेनात. पहाटे सहाला कोण उचलणार? सचिवांनी वहीत हातानं फॅट लिहिली, मागच्या दिवसाच्या अंदाजानं. एक म्हातारी मावशी पावती हातात धरून विचारत होत्या, "बाई, माझ्या म्हशीच्या दुधात फॅटच नाही का?" मी फोनवर ते ऐकत होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. नऊ वाजता कळलं की तापमानाचा सेन्सर निघाला होता आणि तो कोड काही न सांगता शून्य परत करत होता. दोन ओळी वाचायला मिळाल्या असत्या तर दहा मिनिटांत सांगितलं असतं की वायर तपासा.

शिवाय कोड वाचूनच मी शिकले आहे. कॉलेजात चार वर्षांत जेवढं कळलं नाही तेवढं सिनियरांचा कोड वाचून सहा महिन्यांत कळलं. दूधगंगाकर सर, तुमच्याकडे येणाऱ्या तीन मुलांसाठी सांगते. लपवा, पण कमीत कमी लपवा.

जुना_उद्यमनगरकर | बुधवार, पहाटे ५:४०

सातवी_गल्ली ताई, तुमचा प्रतिसाद वाचून माझं लिहायचं निम्मं बदललं.

आधी 'किती लपवायचं' हे. गूगलनं आपल्या एकाच प्रचंड रेपोबद्दल २०१६ साली लेख लिहिला होता. सुमारे १०० कोटी फाइली, ८६ टेराबाइट. एवढ्या पसाऱ्यात बहुतेक सगळा कोड सगळ्यांना वाचायला मोकळा, आणि धंद्याचा जीव असलेल्या मोजक्या फाइलींवरच ताबा. त्यांच्या प्रणालीत फाइलनुसार परवानगी आहे आणि कुणी फाइल वाचली त्याचीही नोंद होते. म्हणजे नको ती गोष्ट चुकून आत गेली तर ती काढायच्या आधी कुणी बघितली हे त्यांना काढता येतं. तुमच्या पाहुण्याच्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणारी प्रणाली अशी असते. गिटमध्ये ते नाही. गिटमध्ये जास्तीत जास्त इतकं कळतं की या खात्यानं या दिवशी हा रेपो ओढला. म्हणून रेपो जितका लहान, तितकी ती नोंद खरी. दोन हजार फाइलींच्या रेपोचा क्लोन झाला यावरून काही कळत नाही. सहा फाइलींच्या रेपोचा झाला तर कुणी काय वाचलं ते कळलंच.

दूधगंगाकर, तुमच्या कॅलिब्रेशन फोल्डरात किती फाइली आहेत? माझा अंदाज, पंचवीस-तीस. त्यांत कंपनीचं गुपित किती? गुणकांचे तक्ते आणि दुरुस्तीचं सूत्र, चार-सहा फाइली. सेन्सर वाचणं, चुका तपासणं, लॉग लिहिणं हे सगळं बाहेर काढा, ते सगळ्यांना दिसू दे. त्या पहाटे ताईंना जे हवं होतं ते गुपितच नव्हतं, नुसतं गुपिताच्या शेजारी ठेवलं होतं.

आता काकांचं कास्टिंग. त्या सहा फाइलींचा वेगळा प्रोजेक्ट. त्याची पाइपलाइन (सर्व्हरवर आपोआप चालणारं बिल्ड) फक्त लायब्ररी (कंपाइल केलेला तयार कोड) तयार करते आणि हेडर फाइलसकट (ती लायब्ररी कशी वापरायची ते सांगणारी) सगळ्यांना दिसणाऱ्या दुसऱ्या प्रोजेक्टच्या पॅकेज रजिस्ट्रीत ठेवते. ॲपवाले तिथून आयती लायब्ररी घेतात. सबमॉड्यूलही (एका रेपोत दुसरा रेपो जोडणं) करता येईल, पण ज्याला ॲक्सेस नाही त्याचा क्लोन तिथे अडतो, त्याचं बिल्ड होत नाही, आणि मग कुणीतरी वैतागून "तात्पुरता" ॲक्सेस देतो. अशानंच दारं उघडी राहतात.

हेडरमध्ये टिपा भरपूर लिहा. कुठल्या एररचा अर्थ काय, तापमान किती ते किती चालतं, सेन्सर नसेल तर काय परत येतं. आणि शून्य कधीही परत करू नका, एरर कोड द्या. सोबत एक नकली लायब्ररी द्या. हेडर तेच, आत ठरावीक आकडे. इंटर्न मुलांना मशीन नसतानाही पूर्ण ॲप चालवता येईल.

आता पाइपलाइनचं, कारण मी तिथे हात पोळून घेतलेत. पुण्यात होतो तेव्हा आम्ही असाच वेगळा रेपो केला होता, परवानग्या चोख. पण मुख्य रेपोच्या पाइपलाइनला तो कोड ओढायला लागायचा म्हणून एक टोकन (प्रवेशाची किल्ली) व्हेरिएबलमध्ये ठेवलं होतं. एका नव्या मुलाचं बिल्ड फुटत होतं. बिचाऱ्यानं फोल्डरात काय येतंय ते बघायला पाइपलाइनच्या फाइलमध्ये एक ओळ टाकली आणि पूर्ण फोल्डर आर्टिफॅक्ट म्हणून जपून ठेवला. दुपारी जेवताना त्यानंच मला दाखवलं, "सर, हे बघा, ही फाइल येतच नाहीये." त्याच्या स्क्रीनवर तो सगळा कोड होता, जो त्याला दिसायला नको होता. त्यानं काहीच चोरलं नव्हतं. जो पाइपलाइनची फाइल बदलू शकतो तो पाइपलाइनला जे जे दिसतं ते सगळं वाचू शकतो, हे आमच्याच डोक्यात आलं नव्हतं. लॉगमध्ये टोकन झाकलेलं असतं, पण उलटसुलट करून छापलं तर दिसतं. म्हणून मुख्य रेपोच्या पाइपलाइनकडे गुपिताचं टोकन असूच नये, तिनं फक्त तयार लायब्ररी ओढावी. गुपिताच्या प्रोजेक्टची पाइपलाइन त्या तिघांशिवाय कुणी बदलू नये.

एक शेवटचं, काकांच्या आकसण्यावरून. सूत्र कंपाइल झाल्यावर परत काढणं कष्टाचं आहे. गुणक मात्र तसे नाहीत. ते नुसते आकडे. लायब्ररीच्या आत ते जसेच्या तसे बसतात, हेक्स एडिटरमध्ये कुणीही वाचेल. ते लायब्ररीत ठेवूच नका, मशीनच्या कंट्रोलरमध्ये ठेवा आणि चिपवरचं वाचन-संरक्षण चालू करा.

कसबा_बावडा_वकील | बुधवार, सकाळी ११:३०

तांत्रिक बाजू तुम्ही बघताच आहात, कागदाचं मी सांगते. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कॉम्प्युटर प्रोग्राम हा साहित्यकृतीतच मोडतो. पगारी नोकरानं नोकरीच्या कामात लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, कलम १७ नुसार मालकाचा. बाहेरून काम करणाऱ्याचं तसं नाही. तिथे हक्क लिहून घ्यावे लागतात. आणि त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. इचलकरंजीच्या मुलांशी करार करताना या दोन ओळी विसरू नका.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये, नुकसान करायच्या हेतूनं सोर्स कोड चोरणं किंवा नष्ट करणं येतं, आणि तेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण हेतू सिद्ध करावा लागतो. २०२२ च्या त्या माणसाकडून आजच एक साधं पत्र घ्या: प्रत माझ्याकडे होती, या तारखेला पुसली, दुसऱ्या कुणाला दिली नाही. सरळ माणूस असेल तर आनंदानं देईल.

दूधगंगा_काठ | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:१५

मंडळी, काय झालं ते सांगायला आलो.

कॅलिब्रेशनमध्ये एकतीस फाइली निघाल्या. बसून एकेक बघितली. खरं गुपित पाच फाइलींत. बाकी सव्वीस ड्रायव्हरच्या फोल्डरात हलवल्या.

गिट फिल्टर-रेपोनं (रेपोचा इतिहास नव्यानं लिहिणारं साधन) त्या पाच फाइली इतिहासासकट वेगळ्या केल्या, आणि मुख्य रेपोच्या इतिहासातून काढल्या. यात सगळ्या कमिटचे हॅश बदलतात. जुना प्रोजेक्ट साफ करत बसलो नाही, कारण गिटलॅब मर्ज रिक्वेस्टचे जुने कमिट आतल्या आत धरून ठेवतं. नवा प्रोजेक्ट उघडला, जुना फक्त माझ्या खात्याला ठेवला. मग शनिवारी दुपारी सगळ्यांना लॅपटॉप घेऊन मोठ्या टेबलाशी बसवलं. प्रत्येकानं जुना क्लोन पुसला, नवा घेतला. सांगितलं नसतं तर कुणीतरी सोमवारी जुन्या क्लोनवरून पुश केला असता आणि सगळं परत आलं असतं. एकाच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती, तो गाडी काढून कळंब्याला जाऊन पुसून आला.

काकांच्या रजिस्टरवरून आम्हीही एक यादी केली. पाच वर्षांत ज्यांच्याकडे पूर्ण रेपो होता अशी माणसं: अकरा आजची, आठ सोडून गेलेली किंवा बाहेरची. वकीलताईंनी सांगितलं तसं पत्र मागितलं. आठपैकी सहा जणांनी दोन दिवसांत दिलं, २०२२ च्या त्या माणसानं तर सगळ्यांत आधी. दोघांशी संपर्क झाला नाही.

मशीनच्या कंपनीचा माणूस बुधवारी परत आला. मी यादी पुढे ठेवली आणि सांगितलं, "आजपासून तिघं, आणि त्या प्रोजेक्टच्या प्रत्येक क्लोनची नोंद दाखवतो. त्याआधीचं असं आहे: या एकोणीस जणांकडे प्रत होती, या दोघांचं मला ठाऊक नाही." मला वाटलं करार मोडतोय. त्यानं यादी दोनदा वाचली आणि म्हणाला, "जे वाचलं गेलं ते गेलंच. नव्या मशीनला आम्ही गुणक बदलतो, ते तुमच्या कोडमध्ये येणार नाहीत, आमच्याच चिपमध्ये राहतील." जुन्या मशीनचे गुणकही पुढच्या सर्व्हिसला बदलणार आहेत.

इचलकरंजीची मुलं नकली लायब्ररीवर काम करतायत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ड्रायव्हरमधली एक चूक दाखवून दिली. ती पूर्वी कॅलिब्रेशनच्या फोल्डरात होती, तिथे ती कुणाच्याच नजरेला पडली नसती.

सातवी_गल्ली | रविवार, रात्री ८:३०

सर, वाचून फार बरं वाटलं. एकच विचारते, नकली लायब्ररीत सेन्सर निघाल्याची एररही येते का? मुलांना ती आधीच बघायला मिळाली पाहिजे.

दूधगंगा_काठ | रविवार, रात्री ९:०५

नव्हती, ताई. आत्ता टाकली. तापमान न मिळाल्यास आता पावतीवर फॅटच्या जागी 'सेन्सर तपासा' असं छापून येतं, मराठीत.